सोलापूरहून आलेला दिवा

दिवाळी अंकासाठी लेख मागितला की दिव्यावर लिहायचे, ही आम्हा मास्तर मंडळींची जुनी खोड आहे. पणती झाली, समई झाली, लामणदिवाही झाला. यंदा ज्या दिव्याबद्दल लिहिणार आहे त्याला तेल नाही, वात नाही, आणि तो लागला म्हणजे घरात कोणाला आनंद होत नाही. माझ्या धाकट्या चुलतभावाच्या पिकअप गाडीत, स्टिअरिंगच्या मागे, काट्यांच्या तबकड्यांमध्ये हा दिवा आहे. बोटाच्या पेराएवढे पिवळे चित्र. ते इंजिनाचे चित्र आहे असे म्हणतात. माझ्या वर्गातल्या एका पोराला ते विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीसारखे वाटले, आणि खरे सांगायचे तर मला त्याचेच म्हणणे पटले. इंग्रजीत त्याला 'चेक इंजिन' म्हणतात. आमच्या गावात नुसते 'चेकची लाईट' म्हटले की कळते.

आमचे येरमाळा सोलापूर-धुळे महामार्गावरचे गाव. बालाघाटाच्या डोंगरात येडेश्वरीचे देऊळ, खाली रस्ता. एक फाटा बार्शीला जातो, एक कळंबला. चैत्री पौर्णिमेला देवीची यात्रा भरते, तेव्हा या रस्त्यावर पाय ठेवायला जागा राहात नाही. एरवी मात्र रस्ता म्हणजे चाकांवर पोट भरणाऱ्यांचा. माझ्या भावाची थोडी कोरडवाहू जमीन आहे, पण घर चालते ते पिकअपवर. कांदा सोलापूरच्या बाजारात न्यायचा, येताना मिळेल ते भाडे आणायचे. गाडी त्याने २०१९ साली सोलापुरातून जुन्यात घेतली. पासिंग २०१३ चे, नंबर एमएच १३. कंपनीचे नाव सांगत नाही; दोष तिचा नव्हताच.

गाडी घेतली तेव्हा तो दिवा कधी लागत नव्हता. किल्ली फिरवली की, इंजिन चालू होण्याआधी, तबकडीतले सगळे दिवे क्षणभर लागले पाहिजेत. वर्गात हजेरी घेताना प्रत्येकाने 'हजर' म्हणावे तसे. हा एक गडी तेव्हाही गप्प असे. पण गैरहजर पोराची आठवण मास्तरालाही निकालाच्या वेळीच होते, तिथे ड्रायव्हरचे काय घेऊन बसलात! चार वर्षे गेली. गेल्या वर्षी वेग दाखवणारा काटा अडकला म्हणून एका फिटरने तबकडी उघडली, तर त्या दिव्यावर आतल्या बाजूने काळ्या चिकटपट्टीचा छान चौकोनी तुकडा डकवलेला. आधीच्या मालकाचे काम ते. फिटरने तो काढून टाकला, तबकडी बसवली, गाडी चालू केली. आणि दिवा जो लागला तो लागलाच.

भाऊ उखडला तो फिटरवर. "चांगली गाडी दिली होती तुला, लाईट लावून दिलीस," असे तो चारचौघांत म्हणाला. रोग दाखवणाऱ्यावर रागावण्याची चाल तशी जुनीच आहे.

पुढचे तीन महिने कसे गेले ते थोडक्यात सांगतो. शहरातल्या एका गॅरेजात स्कॅनर लावला. पडद्यावर अक्षर आणि चार आकडे आले: पी ०४०१. तिथल्या पोराने ते वाचले आणि सांगितले, "ईजीआरचा वॉल्व गेला." वॉल्व बदलला. कांद्याच्या दोन खेपांची कमाई त्यात गेली. दिवा पुसून दिला. हो, हल्ली दिवा विझवत नाहीत, पुसतात. तिसऱ्या दिवशी, येरमाळ्याचा घाट चढताना, स्वारी पुन्हा हजर. परत तेच गॅरेज. आता हवा मोजणारा सेन्सर बदलला. चार दिवस बरे गेले, पाचव्या दिवशी दिवा. मग तिसरा उपाय निघाला. "धुराची वाट पत्रा मारून बंद करू, आणि कंप्युटरमधून लाईटच काढून टाकू. गाडी सुसाट पळेल." हप्ता थकलेला, दोन खेपा हुकलेल्या, भाऊ या तिसऱ्या उपायाला जवळजवळ तयार झाला होता. माझ्याकडे तो सल्ल्याला आला नव्हता, उसने पैसे मागायला आला होता.

माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. यंत्रातले मला कळत नाही. कादंबरीत मोटार आली तर मी ती पानाच्या कडेने हळूच नेतो. पण ज्या दिव्यापायी एक घर पैशाला लागले, तो दिवा गाडीत बसवला कोणी आणि कशासाठी, एवढे तरी कळावे म्हणून मी वाचत बसलो. तो इतिहास आपण समजतो त्याहून फार निराळा निघाला.

मोटारींच्या पहिल्या काळात तबकडीत दिवे नव्हते, काटे होते. तेलाचा दाब किती, पाणी किती तापले, बॅटरीत वीज जाते की येते, हे काटा दाखवी आणि चालवणाऱ्याने ते वाचायचे. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या हडसन कंपनीने तेल आणि वीज यांच्या काट्यांऐवजी इशाऱ्याचे दिवे बसवले. काटा वाचावा लागतो, दिवा नुसता दिसतो. जाणत्या मोटारवाल्यांनी या दिव्यांचे 'मूर्खांचे दिवे' असे नामकरण केले. पण हे दिवे निदान मालकाच्या हिताचे होते. तेल संपले, थांब. पाणी उकळले, थांब. इंजिन वाचावे एवढाच त्यांचा हेतू.

आपल्या पिवळ्या दिव्याचे कूळ हे नव्हे. तो जन्मला लॉस एंजेलिस शहरात, हवेच्या आजारातून.

१९४३ च्या जुलैत, महायुद्ध ऐन भरात असताना, त्या शहरावर एक दिवस तपकिरी धुके उतरले. डोळ्यांतून पाणी, घशात जळजळ, चार घरांपलीकडचे दिसेना. जपानने विषारी वायू सोडला असे लोकांना वाटले. ते नाही म्हटल्यावर संशय गेला शहरातल्या एका कारखान्यावर. युद्धासाठी कृत्रिम रबर लागे, त्याचा कच्चा माल, ब्यूटाडाइन, तिथे बनत असे. लोकांनी ओरड केली, कारखाना बंद ठेवला, धुके तसेच. मग तेलशुद्धीचे कारखाने धरले, त्यांच्या गंधकाला आवर घातला, धुके तसेच. मग घरोघरी परसात कचरा जाळायच्या भट्ट्या होत्या त्यांवर बोट ठेवले आणि १९५७ साली त्यांवर बंदी आली. त्याने धूर कमी झाला हे खरे, पण डोळे झोंबायचे थांबले नाहीत. हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे ते गॅरेज उभे राहिले. वॉल्व बदला, सेन्सर बदला! एवढे श्रीमंत शहर, तेही चौदा वर्षे एकामागून एक पार्ट बदलत होते.

खरे निदान केले ते अननसाचा वास शोधणाऱ्या माणसाने. आरी हागेन-स्मिट हे मूळचे हॉलंडचे, जन्म १९००; पॅसाडीना येथील कॅलिफोर्निया तंत्रज्ञान संस्थेत जीवरसायनाचे प्राध्यापक. फळाचा सुवास कोणकोणत्या द्रव्यांचा बनतो हे काढण्यासाठी ते वाफ गोठवून तिचा थेंब थेंब तपासत. त्यांना विनंती झाली की तुमच्या या रीतीने आमची हवा तपासा. त्यांनी शहराची हवा गोठवली आणि जो तपकिरी रस हाती आला त्यात त्यांना अर्धवट जळलेल्या पेट्रोलाची खूण सापडली. १९५० च्या सुमारास त्यांनी मांडले ते असे: गाड्यांच्या नळीतून न जळलेले इंधन बाहेर पडते, नायट्रोजनची संयुगे बाहेर पडतात, आणि कॅलिफोर्नियाचे लखलखीत ऊन या दोहोंना हवेत शिजवून त्यातून ओझोन तयार करते. कोणत्याही एका धुराड्यातून हे विष निघत नव्हते. ते आकाशात बनत होते. म्हणून धुराडी धुंडाळणाऱ्यांना ते सापडले नाही.

त्यांचा एक पुरावा मला फार आवडला. लॉस एंजेलिसात मोटारींचे टायर इतर ठिकाणांपेक्षा लवकर तडकत. ओझोन ताणलेल्या रबराला चिरतो. हागेन-स्मिट यांनी वाकवून ताणलेल्या रबराच्या पट्ट्या हवेत ठेवल्या आणि त्यांना किती लवकर चिरा पडतात यावरून हवेतल्या ओझोनचे माप काढले. ही रबराची चीर वाचकांनी लक्षात ठेवावी; ती पुढे लागणार आहे.

तेल कंपन्यांना हे पटणे शक्य नव्हते. त्यांनी दुसऱ्या संस्थेकडून संशोधन करवले, त्या शास्त्रज्ञांनी प्राध्यापकांच्या म्हणण्यात खोट काढली. यांना राग आला, आणि अननस बाजूला ठेवून ते धुक्याच्याच मागे लागले. राग कधी कधी सत्कारणी लागतो. १९६६ च्या नव्या गाड्यांपासून कॅलिफोर्नियाने नळीतल्या धुरावर मर्यादा घातली. १९६७ साली राज्याचे हवा-मंडळ स्थापण्याचा कायदा झाला, आणि त्याचे पहिले अध्यक्ष हेच हागेन-स्मिट. १९७० साली सबंध अमेरिकेचा कडक कायदा आला.

पण कायद्याला एक अडचण होती, ती आपल्याकडच्या म्हणीत आहे: नव्याचे नऊ दिवस. कारखान्यातून निघताना गाडी परीक्षेत पास होते. पाच वर्षांनी तिची काय दशा असते? नळी फुटते, झडप काजळीने जाम होते, गाडी मात्र पळत राहते. मालकाला काहीच जाणवत नाही, कारण त्याचे काही बिघडलेलेच नसते. बिघडलेली असते मागून चालणाऱ्याची हवा. ब्रेक गेला तर मालक स्वतःहून गॅरेज गाठेल, धूर स्वच्छ करणारी झडप गेली तर कशाला गाठेल? म्हणून गाडीनेच मालकाची चहाडी मालकापाशी करावी, अशी योजना निघाली.

साधन तयारच होते. १९८१ साली जनरल मोटर्सने आपल्या अमेरिकेतल्या पेट्रोल मोटारींत इंजिनावर देखरेख करणारा छोटा संगणक बसवला, आणि त्याच्याबरोबर 'चेक इंजिन' हा दिवा. तो दिवा तेव्हा स्वतःच बोलत असे. तबकडीखालच्या खोबणीत दोन टोके तारेच्या तुकड्याने जोडली की दिवा लुकलुके. एकदा लुकलुकला, थांबला, दोनदा लुकलुकला, म्हणजे बारा. मेकॅनिक पुस्तकात बारा काढून अर्थ वाचायचा. तारखात्यातल्या बाबूसारखेच काम. १९८५ साली कॅलिफोर्नियाच्या हवा-मंडळाने नियम केला की १९८८ च्या मॉडेलांपासून गाडीने स्वतःची तपासणी स्वतः करावी आणि दोष सापडला तर दिवा लावावा. तेव्हा प्रत्येक कंपनीची खोबण वेगळी, आकडे वेगळे. आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांना हे चटकन कळेल. १९४८ पर्यंत येरमाळा निजामाच्या राज्यात आणि बार्शी इंग्रजी मुलखात. इकडे हाली शिक्का, तिकडे कलदार, आणि बाजार करायचा तर दोन्ही नाणी ओळखता आली पाहिजेत. १९९६ साली अमेरिकेने सगळ्या नव्या मोटारींना एकच नाणे लावले: सोळा टोकांची एकच खोबण, एकाच पद्धतीचे आकडे. युरोपात पेट्रोलच्या मोटारींना ते २००१ पासून लागू झाले, डिझेलच्या मोटारींना थोड्या वर्षांनी.

आता आपल्या देशाकडे येऊ. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांपासून धुराच्या तपासणीचा, म्हणजे आपण ज्याला पियूसी म्हणतो त्याचा, कागद सुरू झाला. गाड्यांच्या चाचण्या घेणारी मोठी संस्था, एआरएआय, पुण्याच्या टेकडीवर १९६६ पासून आहेच. पण कोणत्या सालापासून कोणत्या गावात किती धूर चालेल, असा नकाशा नव्हता. तो आखला डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने. मूळचे गोव्यातल्या माशेलचे, मुंबईत गरिबीत वाढलेले हे शास्त्रज्ञ. समिती २००१ साली नेमली, अहवाल २००२ साली आला. युरोपचे नियम टप्प्याटप्प्याने आणावे, मोठ्या शहरांत आधी, बाकी देशात मागाहून, असा त्याचा मथितार्थ. पैसा बेताचा, तेलशुद्धीचे कारखाने सुधारायला हजारो कोटी लागणार. सगळीकडे एकदम करणे शक्य नव्हते हे मलाही कळते.

पण नकाशा म्हटला की रेघ आली, आणि रेघ म्हटली की तिच्या अलीकडे कोणीतरी आले. एप्रिल २०१० मध्ये भारत स्टेज चार हा नियम दिल्ली परिसर आणि आणखी तेरा शहरांत लागू झाला. मुंबई, पुणे, कोलकाता, चेन्नई अशा नावांच्या रांगेत आमचे सोलापूरही होते. त्या नियमाबरोबरच गाडीने स्वतःला तपासण्याची सक्ती आली, २०१३ पासून ती अधिक बारीक झाली. उरलेल्या देशाला २०१० साली मिळाला तो तिसरा टप्पा, त्यात ही सक्ती नव्हती. डिझेलही दोन तऱ्हेचे: सोलापूरच्या पंपावरच्या डिझेलात गंधक दहा लाखांत ५० भागांपर्यंत, आमच्या पंपावरच्यात ३५० पर्यंत. सोलापूर आमच्यापासून शंभर किलोमीटरच्या आसपास. तेच ट्रक, तोच महामार्ग, तोच कांदा. चौथा टप्पा सगळ्या देशाला लागू झाला एप्रिल २०१७ मध्ये. त्याच्या तीन दिवस आधी, २९ मार्चला, सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की जुन्या टप्प्याच्या गाड्या एक एप्रिलनंतर विकता येणार नाहीत. म्हणजे सात वर्षे सोलापूरकराच्या छातीची किंमत कायद्याने एक धरली आणि येरमाळकराच्या छातीची दुसरी. हाली आणि कलदारच म्हणा ना!

एमएच १३ चा पिकअप आमच्या अंगणात आला तेव्हा त्याच्याबरोबर सोलापूरच्या वाट्याचा हा दिवाही आला. त्याचे तोंड मात्र सोलापुरातच बंद केलेले होते.

आता ते पी ०४०१. याची बाराखडी साधी आहे. पी म्हणजे इंजिन आणि त्याच्या ताकदीचा कारभार. पहिले शून्य म्हणजे हा आकडा कोण्या एका कंपनीचा खासगी नव्हे, सर्वांना सामाईक. चार म्हणजे धूर आटोक्यात ठेवणारी सामग्री. शेवटचे दोन आकडे सांगतात की मागे फिरवलेल्या धुराचा प्रवाह पुरेसा नाही. धूर मागे फिरवायचा कशाला? हवेत चार भाग नायट्रोजन आणि एक भाग ऑक्सिजन. एरवी दोघे शेजारी राहूनही बोलत नाहीत, पण डिझेल इंजिनाच्या भयंकर उष्णतेत त्यांची संयुगे होतात. जळून गेलेला थोडा धूर पुन्हा आत सोडला तर आतला जाळ जरा मंदावतो आणि ही संयुगे कमी बनतात. हे काम करणारी झडप म्हणजे ईजीआर. आणि ही संयुगे म्हणजे हागेन-स्मिट यांनी लॉस एंजेलिसच्या आकाशात पकडलेल्या दोन चोरांपैकी एक. आमच्या घाटात जो आकडा पडद्यावर आला त्याचे गोत्र थेट त्या तपकिरी धुक्यापर्यंत जाते.

यातली मेख अशी की 'प्रवाह पुरेसा नाही' आणि 'झडप गेली' ही दोन वाक्ये एक नव्हेत. नळाला पाणी नाही म्हणून कोणी तोटी बदलतो का? आधी टाकी पाहतो. संगणकाला झडप दिसत नाही. झडप उघडली की बाहेरून येणारी ताजी हवा कमी व्हायला हवी. ती कमी झाली नाही एवढेच त्याला मोजता येते. त्यामागे झडप असेल, तिला ओढणारी यंत्रणा असेल, वायर असेल, उंदराने कुरतडलेले काहीतरी असेल. आणि दिवा पुसल्यावर तो तिसऱ्या दिवशी का येतो, तेही कळले. संगणक एका चुकीवर दिवा लावत नाही. लागोपाठ दुसऱ्या फेरीतही तीच चूक दिसली तर लावतो. तेवढे दिवस दुरुस्ती झाल्याचा भास होतो, आणि तेवढ्यात पैसे चुकते झालेले असतात.

पत्रा मारण्याच्या उपायाबद्दल भावाला मी काही उपदेश केला नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही कदाचित तेच केले असते. आणि ही युक्ती गरिबाचीच आहे असे नव्हे. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन या जर्मन कंपनीचे बिंग फुटले. परीक्षा चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करायचा आणि रस्त्यावर आल्यावर सोडून द्यायचा, असा कार्यक्रमच तिने डिझेल गाड्यांच्या संगणकात भरला होता. जगभरात एक कोटी दहा लाख गाड्यांत. कितीतरी शिकलेल्या लोकांनी बसवलेली ती काळी चिकटपट्टीच होती. लपवली गेली ती हीच नायट्रोजनची संयुगे.

भावाला मी एवढेच म्हणालो की पैसे देतो, पण पत्रा मारण्याआधी बार्शी रस्त्याच्या म्हाताऱ्या मिस्त्रींना एकदा गाडी दाखवू. चाचांचे वय सत्तरीच्या पुढे, डोळ्याला जाड भिंग, हात अजून काळे. स्कॅनर त्यांच्या नातवाकडे आहे. नातवाने आकडा वाचला, चाचांनी मान हलवली आणि मला वाटले होते तसे बॉनेट उघडायला गेले नाहीत. भावाला विचारले,

"ब्रेक कसा लागतोय?"

"जरा कडक लागतोय, चाचा. पर ब्रेकचा आन् लाईटीचा काय संबंध?"

"कवापास्नं?"

भावाने आठवले. पावसाळ्यापासून. जुनी गाडी, ब्रेक कडक झाला म्हणून तो पाय जोरात दाबी, आणि घाट उतरताना दाबून दाबून पाय दुखतो, हे त्याने घरी सांगितलेही होते. गॅरेजात मात्र त्याने ते सांगितले नव्हते, कोणी विचारले नव्हते. मी ऐकत होतो आणि माझ्या पोटात गोळा आला. पाठीमागे टनभर कांदा, खाली घाट.

मग चाचांनी इंजिन चालू करायला लावले. झडपेवरची बारीक रबरी नळी काढली, तिथे स्वतःजवळची स्वच्छ नळी लावून तोंडाने हवा ओढली. इंजिन लगेच अडखळले. म्हणजे झडप उघडत होती. नवी होती, उघडायचीच. नळी काढल्यावर तिच्या टोकाला बोट लावले, ओढ नाही. झडपेकडे ओढ सोडणारा जो विजेचा गट्टू असतो, त्याच्याकडे येणाऱ्या नळीला बोट लावले. ओढ अगदी मंद. मग जिथून ही ओढ निघते त्या पंपाच्या तोंडाशी बोट लावले आणि माझेही बोट तिथे धरायला लावले. बोट आत खेचले गेले. "इथं हाय, तिथं न्हाई. मंग मधी कुटंतरी जातीया," ते म्हणाले. या पंपाची ओढ दोघांना वाटलेली असते: एक वाटा ब्रेकला, ज्यामुळे पाय हलका पडतो; दुसरा वाटा ईजीआरच्या झडपेला. मध्ये गळती, म्हणून झडपेला ओढ पुरत नाही आणि दिवा लागतो. तीच गळती ब्रेकच्या वाट्याचीही ओढ खाते.

नळी इंजिनाच्या मागच्या अंगाला एका चिमट्याखालून वळत होती. वळणावर, वरून दिसणार नाही अशा बाजूला, चिरा. एक लांब, बाकीच्या केसासारख्या. इंजिनाच्या आवाजात तिची फुसफुस ऐकू येणे शक्य नव्हते. चाचांनी नळी कापून माझ्या हातावर ठेवली. वाकवली की चिरा तोंड उघडत, सरळ केली की मिटत. उष्णता, हवा आणि ताण यांनी वाकलेले रबर तडकते. पॅसाडीनाच्या प्रयोगशाळेत टांगलेल्या पट्ट्या अशाच दिसत असतील.

दीड हात नळी, साठ रुपये. मजुरी चाचांनी सांगितली ती मी इथे छापत नाही. शहरातल्या मंडळींना लाज वाटेल. ब्रेकच्या पंख्याची आणि पंपाची तपासणी करून मगच त्यांनी गाडी हलवू दिली. नातू स्कॅनर घेऊन दिवा पुसायला आला तर त्यांनी त्याला अडवले. "पुसू नगं. आपसूक जाऊ दे. तवा कळंल."

पुसला असता तर पुन्हा तीन दिवस संशयात गेले असते. आपोआप विझण्याचाही नियम आहे: लागोपाठ तीन फेऱ्यांत तपासणी निर्दोष झाली की संगणक दिवा काढून घेतो, पण आकडा पोटात ठेवतो, इंजिन चाळीस वेळा थंडाचे गरम होईपर्यंत ती नोंद राहते. आमच्या शाळेतल्या शेरेबुकापेक्षा हे बरे, तिथला शेरा जन्मभर राहतो. पहिल्या दिवशी भाऊ सोलापूरला जाऊन आला; दिवा चालूच. दुसऱ्या दिवशी कळंब, दिवा चालूच. त्या रात्री त्याने मला फोनवर जे सुनावले तेही छापत नाही. तिसऱ्या दिवशी घाट उतरताना ब्रेकवर पाय कसा लोण्यासारखा बसला हे तो सांगत होता, दिव्याबद्दल काही बोलला नाही. चौथ्या दिवशी पहाटे त्याने दारासमोर गाडी चालू केली आणि मला हाक मारली. तबकडीत पिवळे काही नव्हते.

तो बराच वेळ तिथेच बसला. मग किल्ली बंद केली, पुन्हा अर्धी फिरवली. दिवा क्षणभर लागला, इंजिन चालू होताच गेला. पुन्हा बंद, पुन्हा चालू. "दादा, हिला कुणी परत पट्टी तर न्हाई ना लावली?" असे त्याने विचारले, आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता चौथ्यांदा किल्ली फिरवली. आता तो रोज सकाळी कांदा भरण्याआधी हे करतो. नळीचा तो तुकडा माझ्या टेबलावर खडूच्या डबीत आहे. पोरे येतात, वाकवतात, चिरांमधून पलीकडचा उजेड बघतात.